युनियनची वर्गणी, फरकाचा पैसा आणि हिशेबाची वही

प्रश्न : आमची वर्गणी वीस वर्षांत वाढलेली नाही. तरी करार झाला की युनियनच्या खात्यात भरपूर रक्कम दिसते. मग वर्गणी वाढवायची कशाला?

ती रक्कम वर्गणीची नाही, फरकाची आहे. पगारवाढीचा करार रखडतो, मागच्या तारखेपासूनच्या वाढीव पगाराचा फरक हातात पडतो आणि त्यातून युनियन एकरकमी निधी कापून घेते. त्या वर्षी पासबुक गुबगुबीत. पुढची तीन-चार वर्षे वकील, झेरॉक्स, कामगार आयुक्तांकडच्या फेऱ्या, सगळे त्याच पैशावर. दरम्यान कायम कामगार निवृत्त होतात, जागी कंत्राटी येतात आणि त्यांची वर्गणीची पावती कोणी फाडत नाही. पुढच्या कराराला डोकी कमी, निधीही कमी. ही गळती वर्षाच्या ताळेबंदात दिसत नाही. मागच्या तीन करारांचे आकडे शेजारी मांडा, मग दिसेल.

किमान वर्गणीचा आधार घेऊ नका. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्यातल्या २००१च्या दुरुस्तीने ती संघटित क्षेत्रात वर्षाला १२ रुपये केली होती. महिन्याला रुपया! वर्गणी मूळ पगाराच्या टक्क्यात बांधा, म्हणजे दरवाढीसाठी दर वेळी सर्वसाधारण सभेत भांडायला नको. फरकाचा निधी वेगळ्या मुदत ठेवीत.

प्रश्न : वर्गणी पगारातूनच कापून घ्यावी का?

कामगाराची लेखी संमती असेल तर घेता येते. सोयीचे आहे, पण मालकाशी बिनसले की पहिला हाच नळ बंद होतो. शिवाय पावती पुस्तक घेऊन खात्याखात्यात फिरणारा प्रतिनिधी जे ऐकतो, ते कपातीच्या यादीत येत नाही.

प्रश्न : निवडणुकीत कमिटीने एका उमेदवाराला युनियनचे पैसे दिले. चालते?

सर्वसाधारण निधीतून नाही. त्यासाठी स्वतंत्र राजकीय निधी लागतो आणि त्यात पैसे देणे ऐच्छिक असते. दिले नाहीत म्हणून सभासदाचे लाभ अडवता येत नाहीत. १९२६च्या कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे.

प्रश्न : कोषाध्यक्ष वही दाखवत नाहीत.

बहुतेकदा पैसे खाल्लेले नसतात, व्हाउचर हरवलेली असतात; पण कारण काहीही असो, वही पाहणे हा सभासदाचा हक्क आहे. हिशेब तपासण्याची सोय युनियनच्या घटनेत असावीच लागते. ते कलम काढा, त्याचा उल्लेख करून सरचिटणीसांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. युनियनचे दरवर्षीचे विवरणपत्र कामगार संघटनांच्या निबंधकांकडे जाते. त्यातली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक आधी जुळवून पाहा.