रस्ता अर्धा डांबरी, अर्धा मुरमाड : सायकलला टायर कुठले?

गणपतीनंतर आलेल्या पत्रांत यंदा बहुतेक टायरचीच आहेत. पावसाने रस्ते धुतले, टायरही झिजले, आणि सुगी तोंडावर आली. तेव्हा एकदम सगळ्यांना आठवण झाली असावी. बरेच प्रश्न सारखे होते, म्हणून पाचच निवडलेत.

प्रश्न : बेळगावात टिळकवाडीहून रोज उद्यमबागला कामावर जातो. रविवारी येळ्ळूर नाहीतर बेळगुंदीकडच्या शेतवाटांनी फिरतो. हायब्रिड सायकल घेतलोय, तिला ७०० बाय ३५ चे बटणांचे, म्हणजे वर रबराचे उंचवटे असलेले, टायर आहेत. डांबरावर नुसता गुरगुर आवाज, आणि जड जाते. बारीक टायर घालू काय? — उद्यमबागेतील एक कामगार

बारीक नको, गुळगुळीत घाला. जड जातंय ते बटणांमुळे, रुंदीमुळे नव्हे. टायर फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि सुटतो, त्यात तुमचा थोडा जोर खर्च होतो. बटणं असली की प्रत्येक बटण वाकून पुन्हा उभं राहतं. तोच तो आवाज, आणि तोच तो जडपणा.

मधला पट्टा सपाट आणि कडेला बारीक खाचा किंवा छोटी बटणं, असा टायर मागा. सरळ जाताना सपाट पट्टाच टेकतो. मुरमात चाक थोडं रुतलं किंवा वळणावर सायकल कलली की कडेची बटणं कामाला येतात. रुंदी ३५ मिलिमीटरच ठेवा, जागा असेल तर ३८ सुद्धा चालेल. रुंद टायर म्हणजे हळू, हा समज शर्यतीच्या सायकलींवरून आपल्याकडे आला. त्या शर्यतवाल्यांनीच तो सोडलाय. एकेकाळी २३ मिलिमीटरवर पळणारे आता २८ आणि त्याहून रुंद वापरतात. खडबडीत रस्त्यावर कडक, बारीक टायर नुसता उडतो, आणि त्या उडण्यात वेग जातो, कंबरही जाते.

घेण्याआधी चिमट्यात, मागच्या सांगाड्यात आणि मडगार्डखाली टायरभोवती किती जागा आहे ते बघा. दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळे हवेत. वडगाव-शहापूरच्या काळ्या शिवारात ओल्या मातीतून एकदा सायकल घातली की हे हिशेब पटतात. तिथे माती मडगार्डखाली ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा मातीला कुठलाच टायर उत्तर नाही. उतरायचं आणि सायकल खांद्यावर घ्यायची.

हवेचं म्हणाल तर वजन ६५-७० किलो धरून ३५ च्या टायरला मागे ५५ आणि पुढे ५० पीएसआयच्या (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप) आसपास ठेवा. रविवारी शेतवाटेला लागण्याआधी दोन्हीकडची आठ-दहा पीएसआय सोडा. फरक लगेच हाताला कळतो. पाठीवर किंवा कॅरिअरवर ओझं असेल तर मागे थोडी वाढवा.

प्रश्न : वडिलांची जुनी रॉडब्रेकची सायकल दुरुस्त करतोय. टायरवर २८ लिहिलेलं होतं म्हणून ऑनलाइन २८ चाच चांगला टायर मागवला, तो रिमवर चढेचना. टायर खराब की रिम वाकडी? — संकेश्वर

दोन्ही ठणठणीत आहेत. घोळ आकड्यांचा आहे. २८ हे इंचांत सांगितलेलं ढोबळ नाव. त्या एका नावाखाली वेगवेगळ्या मापांच्या रिम आहेत. रॉडब्रेकच्या सायकलीला २८ बाय १½ लागतो. त्याची कडा जिथे रिमवर बसते तो व्यास ६३५ मिलिमीटर. तुम्ही मागवलेला बहुधा ७०० सी, म्हणजे ६२२. तेरा मिलिमीटरचा फरक लिव्हर लावून भरून निघत नाही. जोर केलात तर टायरची कडा तुटेल. उलटं केलं, म्हणजे ६३५ चा टायर ६२२ च्या रिमवर घातला, तर तो सहज चढतो, आणि धोका तिथेच आहे. हवा भरताना किंवा चालत्या सायकलीवर तो निसटतो.

म्हणून टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४०-६३५ किंवा ३५-६२२ असं छापलेलं असतं ते वाचा. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमवर बसायच्या व्यासाचा. दुसरा जुळला पाहिजे, मग बाकीचं बोलू. २६ इंचातही हीच गंमत: डोंगरी सायकलीचा २६ बाय १.९५ बसतो ५५९ वर, जुन्या लेडीज सायकलीचा २६ बाय १⅜ बसतो ५९० वर. पूर्णांक-अपूर्णांकवाला आणि दशांशवाला टायर एकमेकांच्या जागी चालतो असं गृहीत धरू नका.

काहीजण रिमच बदलून ६२२ ची घालायला सांगतील. रॉडब्रेकची गुटकी रिमला आतल्या अंगाने दाबतात, त्यामुळे रिम बदलली की ब्रेकही गेले. कशाला? २८ बाय १½ चा टायर आजही कुठल्याही बाजारगावच्या सायकल दुकानात मिळतो, स्वस्तात मिळतो, आणि रस्त्यावरचे धक्के छान पचवतो. वडिलांची सायकल आहे तशीच राहू द्या.

प्रश्न : जांबोटी भागात शाळेवर आहे. पावसाळ्यात दोनदा घसरून पडले. जास्त नक्षीचे टायर घेऊ का? — खानापूर तालुका, शिक्षिका

बाई, आधी कुठे पडलात ते आठवा. डांबरावर पडला असाल तर नक्षीने काही होणार नाही. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण रुंद चाक वेगाने जाताना खाली पाण्याचा थर अडकतो. सायकलचं चाक अरुंद, त्यात हवेचा दाब जास्त आणि वेग कमी. पाणी आपसूक बाजूला सरतं. ओल्या डांबरावर पकड ठरते ती रबराच्या जातीवर. कडक, स्वस्त रबर ओल्यात घसरतंच, वर कितीही वेलबुट्टी काढलेली असो. उन्हात वर्षं काढलेल्या टायरच्या बाजूला भेगा दिसत असतील, तर झीज झालेली नसली तरी तो काढा.

तुमच्याकडचा खरा शत्रू लाल माती. जांभ्या खडकावर तिचा पातळ, ओला थर बसला की साबण लावल्यासारखं होतं, आणि सावलीतल्या उतारावर शेवाळ असतं ते वेगळंच. इथे मात्र कडेला बटणं असलेला, ४० च्या आसपास रुंदीचा टायर उपयोगी पडतो, निदान पुढे तरी. एकच नवा टायर परवडत असेल तर तो पुढे घाला आणि पुढचा चांगला असेल तर तो मागे. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं. पुढचं घसरलं की माणूस खाली. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि रेल्वे गेटातले रूळ काटकोनात ओलांडा, आणि ब्रेक त्यांच्या आधी दाबा, वर नको.

प्रश्न : पेट्रोल पंपावर हवा भरली तर चालते का? — हिंडलगा

मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर भरता येते. पण सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी, त्यामुळे क्षणात फुगते आणि फुटते. थोडी थोडी भरायला सांगा. अंगठ्याने दाबून अंदाज घेणं सोडा. काटा असलेला पायाने दाबून धरायचा पंप घरी ठेवा, आठवड्यातून एकदा लावा. ट्यूब भोक नसतानाही हळूहळू हवा सोडते.

प्रश्न : शेतावर आणि निपाणी बाजाराला सायकलच. आठवड्याला पंक्चर ठरलेलं. ट्यूबलेस करून घेऊ का? — चिकोडी तालुका, शेतकरी

पंक्चर कशाने होतं ते आधी बघा. ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. भोक आतल्या बाजूला, आऱ्यांकडे असेल तर रिमवरची पट्टी सरकलीय. दोन्हीला टायर बदलायची गरज नाही.

बाहेरून भोक असेल तर काटा किंवा तार. महामार्गाच्या कडेला ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, त्या डोळ्याला दिसत नाहीत. पंक्चर काढताना टायर आतून चिंधीने पुसून बघा. चिंधी जिथे अडकेल तिथे तार आहे. ती तशीच राहिली तर उद्या पुन्हा तेच.

पाऊस सरला की बांधावर सराटे वाळतात. त्यांच्यासाठी आत जाड पट्टा घातलेला टायर पुरतो; तो जड असतो, पण तुम्हाला शर्यत मारायची नाही. बाभळीचा लांब काटा मात्र पट्ट्यालाही भेदून जातो. ट्यूबलेसमध्ये, म्हणजे ट्यूब नसलेल्या टायरमध्ये, बारीक भोक आत घातलेलं द्रव स्वतः बुजवतं हे खरं, पण त्याला तशीच रिम आणि तसाच टायर लागतो. ते द्रव आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकतं, मग पुन्हा भरायचं. रोजच्या कामाच्या सायकलीला मी हा खर्च करायला सांगणार नाही. हेच द्रव साध्या ट्यूबमध्येही घालता येतं, व्हॉल्व्हची कांडी निघत असेल तर. त्याच पैशात मागे पट्ट्याचा टायर, पिशवीत एक जादा ट्यूब, दोन लिव्हर आणि छोटा पंप येतो. टायर चढवताना त्यावरचं नाव नेमकं व्हॉल्व्हपाशी ठेवा. ट्यूबला भोक कुठे आहे हे कळलं की टायरमध्ये काटा कुठे शोधायचा तेही कळतं.