शिसे कोणाचे ते आधी शोधा, ईडीटीए सोडू नका

प्रश्न : हवेली तालुका, शहराच्या हद्दीलगत वीस गुंठे मेथी-पालक. एका अंगाला हायवे, मागे जुन्या बॅटऱ्या फोडायचे शेड. माती तपासली, शिसे जास्त निघाले. दुकानदार म्हणतो, ठिबकमधून ईडीटीए सोडा, धुऊन जाईल. सोडू का? आणि हे शिसे आले कुठून, ते कळते का?

उत्तर : सोडू नका. ईडीटीए हे धातूंना धरून पाण्यात विरघळवणारे रसायन. त्याने शिसे जात नाही, सुटे होते. मातीला चिकटून बसलेले शिसे मग मुळांत शिरते, उरलेले पाण्याबरोबर विहिरीकडे. चिलेटेड (ईडीटीएने धरून ठेवलेल्या) जस्ताच्या फवारणीत ते असते, पण ते ग्रॅमात. दुकानदार किलोने विकतो. पुढे तो सामू वाढवून शिसे बांधायला चुनाही सांगेल. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच आठाच्या आसपास, तिथे चुना कशाला?

कुठून आले ते कळते. शिशाचे चार स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, आहेत : 204, 206, 207 आणि 208. शेवटचे तीन युरेनियम-थोरियमच्या क्षयातूनही तयार होत राहतात, म्हणून खाणीगणिक त्यांचे प्रमाण बदलते. उदाहरणार्थ, ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल खाणीच्या शिशात 206 आणि 207 यांचे गुणोत्तर 1.04 च्या आसपास असते. पाऊस पडो, पीक येवो, ही खूण पुसत नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशात 2000 साली बंद झाले, पण हायवेकडेच्या वरच्या थरात ते अजून असू शकते. शेडवर आळ घेण्याआधी हे लक्षात घ्या.

नमुन्यात मात्र बहुतेकांची चूक होते. नेहमीचा व्ही आकाराचा खड्डा घेऊन माती एकत्र केलीत की संपले. वरच्या पाच सेंटिमीटरची माती वेगळी, दोन-तीन फुटांखालची वेगळी; खालच्या मातीतून जमिनीचे मूळचे शिसे कळते. हायवेकडेची धूळ आणि शेडजवळची मातीही वेगवेगळ्या पिशव्यांत. संशयिताचा नमुना नसेल तर आकडा कशाशी ताडणार? प्लॅस्टिकची खुरपी वापरा, खताची गोणी नको. वेळ मे महिन्याची, खत टाकण्याआधी. ईडीटीए आधी सोडलेत तर शिसे खाली उतरून खालचा नमुनाही बिघडेल. पुन्हा सांगतो, आधी नमुना.

मृदा आरोग्य पत्रिकेच्या 12 बाबींत शिसे नाही, तिथे हेलपाटे घालू नका. समस्थानिक मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे अणू वजनाप्रमाणे वेगळे करून मोजणारे यंत्र, लागतो, तो तालुक्याला नसतो. कृषी महाविद्यालयाच्या मृदा विभागात विचारा.

तोवर पालेभाजी थांबवा. पानांवरचे बरेचसे शिसे धुळीचे आणि पावसाने उडालेल्या चिखलाचे असते. वांगी, भेंडी, दोडका घ्या. चांगले कुजलेले शेणखत द्या आणि वर उसाच्या पाचटाचे चार बोटे जाड आच्छादन करा. शहरी कचऱ्याचे खत तपासल्याशिवाय नको, त्यातही शिसे असते.

ईडीटीएचा पुडा फोडला नसेल तर बिल दाखवून परत करा.