श्रीलंकेतून शांतिसेना परत आणली, त्यात दोष कुणाचा?

तुमचा प्रश्न असा: १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने श्रीलंकेतून भारताची शांतिसेना काढून घेतली, त्यामुळे लिट्टे ही तिथली तमिळ बंडखोर संघटना मोकाट सुटली. मग राजीव गांधींच्या हत्येपर्यंतचा सगळा दोष त्याच सरकारचा नाही का?

मला हे पटत नाही. एक तर परतीला सुरुवात खुद्द राजीव गांधींच्या काळातच, जुलै १९८९ मध्ये झाली होती. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली, तेव्हा फक्त सरकार बदललेलं होतं.

खरा दोष सैन्य उतरवतानाचा आहे. २९ जुलै १९८७ चा करार झाला तो भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांत. शस्त्रं खाली ठेवायची होती लिट्टेने, आणि तिची त्यावर सहीच नव्हती! ज्या तमिळांना वाचवायला गेलो त्यांच्याच गल्ल्यांत ऑक्टोबरमध्ये आपण लढू लागलो. उत्तर श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ मारले गेले. मुंबईत जन्मलेले, ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एकूण सुमारे बाराशे जवान गेले. आणि जाफना रुग्णालयात आपल्या सैनिकांच्या गोळीबारात डॉक्टर, परिचारिका, रुग्ण मेले, हेही आपल्याच खात्यावर आहे. ते लपवून दोषाची चर्चा होऊच शकत नाही.

तिथे आणखी थांबून काय साधलं असतं? श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासा स्वतः 'चालते व्हा' म्हणत होते, वर लिट्टेला शस्त्रं पुरवत होते. यजमान सरकारच शत्रूला बंदुका देत असेल, तर तिथे जवान मरू देणं मला गुन्हा वाटतो. राजीव गांधींच्या हत्येचं म्हणाल, तर ते पुन्हा निवडून आले की सैन्यही परत येईल, ही लिट्टेची भीती त्यामागे होती. म्हणजे त्या हत्येचं मूळ माघारीत शोधणं उलटं आहे. खुनाचा दोष तर आधी खुन्याचाच.

मात्र माघार ज्या पद्धतीने झाली, त्याबद्दल मला राग आहे. श्रीलंकेच्या तमिळबहुल उत्तर-पूर्व प्रांतातलं वरदराजा पेरुमाळ यांचं सरकार आपल्या आधारावर उभं होतं. त्याच्या रक्षणासाठी 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी केली, तीत कोवळी पोरं जबरदस्तीने भरती केली गेली आणि आपण त्यांना हत्यारं दिली. आपण निघताच ती लिट्टेच्या तावडीत सापडली. पेरुमाळ भारतात आले. त्यांच्या पक्षाचे नेते पद्मनाभा यांना जून १९९० मध्ये लिट्टेने थेट मद्रासमध्ये येऊन मारलं. सैन्य परत आणायचं हे महिनोन्‌महिने आधी ठरलेलं होतं. त्या पोरांची शस्त्रं काढून घेऊन त्यांना घरी किंवा भारतात सुखरूप पोहोचवायला तेवढा वेळ होता. ते केलं नाही, आणि हा दोष राजीव गांधी आणि व्ही. पी. सिंग, दोघांच्याही सरकारांचा आहे.