बारा दिवसांनी परतलेला मेंढा

प्रश्न : डॉक्टरकाका, गोराईला आमची वाडी आहे. नारळ-चिकूबरोबर चार वर्षांपासून ११ मेंढ्या आणि ३ मेंढे पाळलेत. तीन मेंढ्यांपैकी एक शिंगाळा, दोघे बिनशिंगी. तिघे कोकरं असल्यापासून एकत्र वाढले, कधी भांडण नाही. जुलैत शिंगाळ्याच्या खुरात पू झाला, म्हणून त्याला तरीतून पलीकडे नेऊन एका दवाखान्यात १२ दिवस ठेवला. परत आणून वाड्यात सोडला आणि पाच मिनिटांत टक्कर सुरू. मी आणि बाबा काठी घेऊन धावलो, पण आम्ही त्यांना दिसतच नव्हतो. शिंगाळ्याचं डावं शिंग मुळाशी मोडलं, रक्त थांबेना. ज्याच्याशी भिडला तो बिनशिंगी तेव्हापासून भिंतीला डोकं टेकून उभा आहे, खात नाही. शेजारी म्हणतात, मेंढ्याचं डोकं दगडाचं, होईल नीट. दुसरं म्हणजे माझा आठ वर्षांचा भाचा सुट्टीत आला की तिसऱ्या मेंढ्याच्या कपाळाला हात लावून रेटारेटी खेळतो. हे चालेल का? – एक वाचक भगिनी, गोराई

उत्तर : ताई, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण भिंतीला डोकं टेकून उभं राहणारं जनावर अंकाची वाट बघू शकत नाही. बिनशिंगी सहाव्या दिवशी पाल्याला तोंड लावू लागला हे तुमच्याकडून कळलं, फार बरं वाटलं. तरी सगळं इथे पुन्हा लिहितो, कारण तिघांना पुन्हा एकत्र आणण्याचं काम अजून बाकी आहे.

आधी शेजाऱ्यांचं म्हणणं. मेंढ्याचं कपाळ जाड असतं, हाडांच्या दोन थरांत पोकळी असते, हे खरं. पण आत मेंदू आहे तो मेंदूच. टकरा घेऊन जगणाऱ्या मस्कऑक्स या थंड प्रदेशातल्या प्राण्याचे मेंदू शास्त्रज्ञांनी तपासले, तेव्हा त्यातही इजेच्या खुणा सापडल्या. २०२२ साली ते प्रसिद्ध झालं. तुमचा बिनशिंगी भिंतीला डोकं दाबून उभा होता, कारण मार लागून मेंदूला सूज आली होती. अशा जनावराला अंधाऱ्या, शांत जागी जाड गवतावर ठेवायचं. पडलं तर कुशीवर पडू द्यायचं नाही, दोन्ही बाजूंनी पोती लावून छातीवर बसतं करायचं, नाहीतर पोट फुगतं. बाटलीने पाणी मात्र पाजायचं नाही. गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जातं आणि डोक्याच्या माराने न मेलेला मेंढा त्याने मरतो. मान वाकडी असेल, पुढचे पाय ओढत असेल, तर शिंगाला किंवा मानेला धरून उचलू नका. फळी सरकवा आणि डॉक्टरला बोलवा.

आता शिंग. वरचं कवच निखळून आतलं हाड शाबूत असेल तर रक्त भीतीदायक दिसतं, पण स्वच्छ फडकं दाबून धरलं की थांबतं आणि जखम भरते. तुमच्याकडे शिंग मुळाशी मोडलंय, म्हणजे कपाळातली पोकळी उघडी पडलीय. तिथे पिचकारीने औषध मारू नका, टर्पेंटाइन ओतू नका, हळद-चुना भरू नका. कडा पोव्हिडोन आयोडीनने पुसा, वर गॉज ठेवून पट्टी बांधा, रोज बदला. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अळ्या दिसतात, म्हणून माशी पळवणारं मलम जखमेच्या भोवती लावा, जखमेत नाही. नाकातून पू यायला लागला, मेंढा डोकं एका बाजूला झुकवू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. धनुर्वाताची लस विचारून घ्या.

दुखण्यावर घरातलं डायक्लोफेनॅक देऊ का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. नको. जनावरांसाठी ते आपल्याकडे २००६ पासून बंद आहे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपली गिधाडं त्यानेच संपत आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झालं. तुमच्या डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम विचारा. गोराईवर गिधाडं कुठे, असं मनात येईल, पण जनावर विकलं की ते कुठे जाऊन मरेल हे आपल्या हातात नसतं.

आणि मुळातला प्रश्न, टक्कर झालीच का? तुमच्या मेंढ्याचा स्वभाव बिघडला नाही. १२ दिवसांत त्याच्या अंगाला दवाखान्याचा, फिनाइलचा, परक्या जनावरांचा वास लागला. वाड्यातल्या दोघांनी तोवर आपापसात थोरला-धाकटा ठरवून टाकला होता. त्यांच्या लेखी आला तो ओळखीचा भाऊ नव्हता, परका मेंढा होता. लोकर कातरल्यावरही हेच होतं, एका दिवसात ओळख पुसते.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी जत तालुक्यात होतो. एका मेंढपाळाचा मेंढा मी आठवडाभर दवाखान्यात ठेवला, बरा केला आणि परत देताना म्हणालो, सोडा कळपात, त्यांचं ते बघून घेतील. संध्याकाळी मान मोडून मेला. चूक माझी होती. त्या वाड्यावरच्या आजीने मला रागावून काहीच म्हटलं नाही. पुढच्या खेपेला दुसरा मेंढा परतला तेव्हा तिने मला थांबवून घेतलं आणि वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, ओढत ओढत इतकी आवळली की आतल्या चारही मेंढ्यांना एकमेकांना घासूनच उभं राहावं लागलं. "मागं सरायला जागा नसली की डोकं आपटायचं कसं?" एवढंच म्हणाली. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाच वर्षं शिकून मला जे समजलं नव्हतं ते त्या जाळीने दाखवलं. मेंढा मेंढ्याला मारतो तो धावून. अंतर काढून घ्या, ढकलाढकली उरते, आणि त्यातून त्यांचा थोरला-धाकटा ठरतो.

शिंगाची जखम पूर्ण भरल्यावर, त्याआधी नाही, तुम्ही असंच करा. पाच बाय सहा फुटांचा मजबूत कोंडवाडा, माद्यांपासून लांब, वरून सावली आणि बाजूंनी वारा खेळता. आपल्या दमट हवेत कोंडलेलं जनावर उकाड्यानेच कोसळेल, म्हणून संध्याकाळी आत घाला आणि पाणी समोर ठेवा. २४ ते ४८ तास तिघे तसेच राहू देत. मग मोठ्या वाड्यात सोडताना जमिनीवर जुने टायर पसरा, धाव घेता येत नाही. नाकाला कापूर किंवा निलगिरी चोळून सगळ्यांचा वास एक करतात, त्याने थोडा फरक पडतो, पण त्यावर विसंबू नका. डोळ्यांवर समोरचं दिसू न देणारी चामड्याची झडप बांधायची तर तिघांनाही बांधा. एकट्याला बांधलीत तर तो आयता मार खाईल. टक्कर लागलीच तर मध्ये शिरू नका. काठीने मारून फरक पडत नाही, डोक्यावर पोतं टाका. दिसेनासं झालं की मेंढा थबकतो.

तोवर जखमी शिंगाळ्याला एकटा कोंडू नका. जाळीपलीकडून बाकीचे दिसतील, वास येईल असा ठेवा. पुढे कधी दवाखान्यात न्यावा लागला तर शक्य तितक्या लवकर परत आणा.

आता जरा कठोर बोलतो. ११ मेंढ्यांना तीन मेंढे कशासाठी? एक मेंढा २५-३० मेंढ्यांना पुरतो. शिवाय शिंगाळा आणि बिनशिंगी एकत्र ठेवले की मार नेहमी बिनशिंग्याच्या वाट्याला जास्त येतो. माझ्या मते एक ठेवा, एक चांगल्या माणसाला द्या, आणि एकाला डॉक्टरकडून बर्डिझो चिमट्याने, म्हणजे न कापता नस चेपून, खच्ची करून घ्या, म्हणजे पैदाशीच्या मेंढ्याला सोबतीही राहील. खच्ची केल्यावर लगेच शांत होत नाही, काही आठवडे जातात.

भाच्याची रेटारेटी आजपासून बंद. कपाळावर दाब दिला की मेंढ्याला ते आव्हान वाटतं, आणि माणसाच्या हातचं खाऊन वाढलेल्या मेंढ्याला तर माणसाची भीतीच नसते. आज आठ वर्षांच्या पोराशी खेळतोय, माजावर आल्यावर तोच बाबांना पाठमोरं गाठेल. लाड करायचे तर हनुवटीखाली खाजवा, बाजूला उभं राहून. वाड्यात शिरताना त्याच्याकडे पाठ करू नका.

प्रश्न : ईदसाठी दोन मेंढे आणून गोवंडीत घरासमोर एकाच खांबाला बांधले. रात्रभर टकरा देतात, पोरं घोळका करून मोबाईलवर चित्रण करतात. काय करू? – एक वाचक, गोवंडी

उत्तर : भाऊ, आजच दोन वेगळे खांब करा, दोघांची तोंडं एकमेकांपर्यंत पोहोचणार नाहीत इतक्या अंतरावर. दोरी आखूड ठेवा. लांब दोरीत पाय आणि मान अडकून जनावर रात्रीत गुदमरतं. मध्ये ताडपत्री टांगा, दिसलं नाही की निम्मा जोर जातो. पोरांना समजावून सांगा की जनावरांना झुंजायला चिथावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि दोघांच्या पाण्याच्या बादल्या वेगळ्या ठेवा, एका बादलीवरूनही टक्कर लागते.