कायदा तुमच्या दारी : ग्रुप ॲडमिन अडकतो का?

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. एकानं तिथं खजिनदारांनी पैसे खाल्ले असं लिहिलं. आता खजिनदार म्हणतात, तुझ्यावरही केस टाकतो. मी अडकेन का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : भाऊ, निवांत झोपा. आपल्याच सिव्हिल लाइन्समधल्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. सभासद काय टाकेल हे ॲडमिनला आधी कळत नसतं. दोघांचं संगनमत नसेल, तर दुसऱ्याच्या मजकुराचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. तुम्ही स्वतःच तो मजकूर चार ग्रुपांत पुढे ढकलला असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. (ढकललात का? खरं सांगा.)

बदनामी अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास सुरू करू शकत नाहीत; त्यामुळे खजिनदारांना मॅजिस्ट्रेटकडेच तक्रार करावी लागेल. नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणारा कायदा) कलम २२३ नुसार मॅजिस्ट्रेटना तक्रारीची दखल घेण्याआधी तुमचंही म्हणणं ऐकावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून भागत नाही; सोबत साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ चं इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठीचं प्रमाणपत्र लागतं.

तुम्ही चॅट पुसू नका. आणि हिशेब ग्रुपवर कशाला? वार्षिक सभेत मागा.