राजीनाम्यावर सही करण्याआधी
वाचकांचे प्रश्न : रोजगार आणि प्रशिक्षण

प्रश्न : माझे पती भोसरीला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचे) ऑपरेटर आहेत. वय ३८, शिक्षण दहावी, पगार २०,५००, ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो. ऑर्डरी घटल्यात, म्हणून एचआर राजीनामा मागतंय. 'अनुभवाचं पत्र चांगलं देऊ' म्हणतात. दुसरीकडे एक क्लास ४५,००० रुपयांत 'ईव्ही (इलेक्ट्रिक गाड्यांचा) टेक्निशियन' करून देतो म्हणतोय. राजीनामा देऊन कोर्स लावावा का? – एक वाचक, दिघी

उत्तर : राजीनामा नको, आणि कोर्सही इतक्यात नको. राजीनामा दिला की कायद्याच्या लेखी त्यांनी आपणहून नोकरी सोडली. कंपनीने काढलं तर ती कामगार कपात ठरते, आणि सगळे हक्क कपातीच्या त्या एका कागदावर उभे आहेत. कपातीत एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं वेतन मिळतं. शिवाय दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन, म्हणजे अकरा वर्षांचं साधारण साडेपाच महिन्यांचं. ग्रॅच्युइटी वेगळी. हा हिशेब हातात पडणाऱ्या रकमेवर होत नाही, कायद्यातल्या 'वेतना'च्या व्याख्येवर होतो. त्यामुळे पगारपत्रकातले मूळ वेतन आणि महागाई भत्ता हे रकाने आधी बघा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत आणखी एक तरतूद आहे, जी एचआर सहसा सांगत नाही : पुनर्कौशल्य निधी. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचं शेवटचं वेतन या निधीत भरायचं आणि कपातीपासून ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचं. ही रक्कम भरपाईच्या वरची आहे. अर्ध्या महिन्याच्या पैशात नवा धंदा शिकून होत नाही हे खरं, पण राजीनामा दिलेल्याला तेही नाही.

आता ईएसआय. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत बेकारीचा भत्ता आयुष्यात जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो. मूळ दर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के होता. करोनात, २०२० मध्ये, तो ५० टक्के केला आणि पुढे मुदती वाढवत नेल्या. अर्जाच्या दिवशी कोणता दर चालू आहे ते शाखा कार्यालयात विचारा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना याहून मोठी आहे : कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर पहिले १२ महिने ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. तिच्यात कौशल्यवाढीच्या प्रशिक्षणाचीही सोय आहे. एकाच काळासाठी दोन्ही भत्ते मिळत नाहीत. अर्ज अडतात ते बहुतेक क्षुल्लक कारणांनी. आधारवर नाव एक आणि पासबुकावर दुसरं, बँकेचा आयएफएससी बदललेला, नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने पोर्टलवर भरलेलीच नाही. ही शेवटची गोष्ट कंपनीत असतानाच मार्गी लावा. बाहेर पडल्यावर फोन उचलत नाहीत.

मग कोर्स. 'सरकारमान्य' हा शब्द पत्रकावर कुणीही छापतो. कोर्सचा कोड मागा, त्याची स्तरपातळी विचारा आणि राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत, म्हणजे मान्य अभ्यासक्रमांच्या सरकारी यादीत, तो सापडतो का ते पाहा. सापडला नाही तर ४५ हजार घरात ठेवा. आमचं मत विचाराल, तर इंजिनाचे भाग कमी होतील म्हणून मशीनिंगच सोडायचं हा उफराटा न्याय झाला. इलेक्ट्रिक गाडीतही मोटरचं हाउसिंग आणि रिडक्शन गिअर मशीनवरच होतात. ब्रेक आणि सस्पेन्शन तर जागेवरच आहेत.

खरा प्रश्न असा की ते ऑपरेटर आहेत की सेटर, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणारे? जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावून 'सायकल स्टार्ट'चं बटण दाबणारा मंदीत आधी जातो. रिकाम्या टेबलावर फिक्स्चर (जॉब धरणारी पकड) बसवून जी-५४ ऑफसेट घेणारा, म्हणजे जॉबचा शून्यबिंदू मशीनला सांगणारा, टूलची लांबी भरणारा, पहिला पीस मायक्रोमीटरने तपासून टूलची झीज ऑफसेटमध्ये टाकणारा माणूस टिकतो. हे येत नसेल तर व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन) सेटिंग-प्रोग्रॅमिंग शिका. ड्रॉइंग वाचणं कच्चं असेल तर त्याच्याही आधी ते. हे सगळं येतंय पण कागद नाही, असं असेल तर 'पूर्वशिक्षणाची मान्यता', म्हणजे आरपीएल, करून घ्या : थोडी ओळख, मग मूल्यमापन, मग प्रमाणपत्र. त्याने पगार वाढत नाही, पण दहावी पास माणसाचा अर्ज पहिल्याच चाळणीत गळत नाही.

प्रश्न : पुतण्या औंध आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झाला. चाकणची एक कंपनी 'ट्रेनी' म्हणून ११,००० देते, दुसरी ॲप्रेंटिस म्हणून कमी देते. कोणती धरावी? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : आकड्यापेक्षा करार बघा. ॲप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदला जातो आणि त्याला क्रमांक असतो. तो मिळाला नाही तर नाव काहीही असो, ती ॲप्रेंटिसशिप नाही. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. कंपनी जास्त देऊ शकते, कमी नाही. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रमाणपत्र. सरकारी उपक्रमांच्या भरतीत हा कागद कामी येतो. 'ट्रेनी'ला अकरा महिन्यांनी बहुधा हात हलवत परत यावं लागतं. मात्र ॲप्रेंटिसलाही कायम करण्याचं बंधन कंपनीवर नाही.

३० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. मंदी आली की कारखाने तळाचा अडीच टक्के धरून बसतात. म्हणूनच अशा वेळी मुलांची रांग वाढते आणि जागा आटतात.

प्रश्न : करोनात सरकारने झटपट कोर्स काढले. अशा प्रशिक्षणाचा संकटात खरंच उपयोग होतो का? – एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : जागा आधीपासून रिकामी असेल तर होतो. १८ जून २०२१ ला सुरू झालेल्या अभ्यासक्रमांत नमुने गोळा करणं, घरी रुग्णसेवा, वैद्यकीय उपकरणं सांभाळणं अशी सहा कामं होती. उद्दिष्ट एक लाख माणसांचं. तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती. प्रशिक्षणाला महिने लागतात, लाट आठवड्यांत येते-जाते. हे गणित जुळत नाही.

जर्मनीने उलट बाजूने सुरुवात केली. तिथे कामाचे तास कमी करून बुडालेल्या पगाराचा ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, भाग सरकारने दिला. एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाख लोक अशा कमी तासांच्या कामावर होते, पण नोकरीत होते. वर ॲप्रेंटिसच्या जागा टिकवणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्यांना दर जागेमागे २,००० युरो, वाढवणाऱ्यांना ३,०००. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीने हाताला काम दिलं, पुढे तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला. पण ते काम अकुशल होतं, शिकवणं तिच्यात नव्हतंच.

मार्गदर्शन ही आपली सर्वांत लंगडी बाजू. प्रशिक्षणासोबत व्यवसाय मार्गदर्शनाचीही जबाबदारी टाकणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७५ चा करार भारताने २००९ मध्ये मान्य केला. पुण्यात रास्ता पेठेत जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. 'महास्वयम्' या सरकारी रोजगार पोर्टलवर नोंदणी करून तिथे समक्ष जा आणि 'कोणता कोर्स आहे' असं विचारण्याऐवजी 'या महिन्यात कुठल्या कंपनीने कोणत्या जागा कळवल्या' असं विचारा.

प्रश्न : वय ४१. आता आयटीआयला प्रवेश मिळेल का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : मिळेल. किमान वय १४, कमाल मर्यादा नाही. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन अर्ज सुरू होतात. वर्ग दिवसाचे असतात, म्हणून आधी पाळीची वेळ विचारा.