मागच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलता येतं का? हो येतं, फक्त ठोका कुठं मारायचा ते कळलं पाहिजे

भाऊ, तुम्ही विचारलंय की 100 सीसीची ड्रम ब्रेकवाली गाडी आहे, मागचं चाक डगडगतं, गुर्रगुर्र आवाज येतो, गॅरेजवाला म्हणतो अख्खा हब (चाकाच्या मधला गोल भाग, ज्यात बेअरिंग बसतात) बदला, तर नुसतं बेअरिंग घरी बदललं तर चालेल का आणि एकच बदलू की दोन्ही. आधी उत्तर देतो, चालेल, आणि दोन्ही बदला. आता सगळं नीट सांगतो कारण यात दोन जागा अशा आहेत की तिथं चुकलं तर नवीन बेअरिंग दोन महिन्यात जातं.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, वडील तीस वर्षं गाडीवर दुधाचे कॅन बांधून अमळनेरला दूध घालायचे, पावसाळ्यात बोरी नदीच्या फरशीवरून पाणी असायचं तरी गाडी काढायचे, त्यामुळे मागच्या चाकाची बेअरिंगं आमच्याकडे दर दीड-दोन वर्षाला जायचीच. वजन एक कारण आणि पाणी दुसरं. तुमच्याकडे वॉशिंग सेंटरला गाडी धुता का? प्रेशरचं पाणी सरळ एक्सलच्या बाजूला मारलं की सीलमधून आत घुसतं, ग्रीस धुतलं जातं, मग गंज. हबपासून पाइप लांब धरायला सांगत जा.

वडील म्हणायचे, "चाक बोलस, आयकी ले." म्हणून खोलायच्या आधी खात्री करा. गाडी मेन स्टँडवर लावा, मागचं चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवा. फक्त चाक हललं आणि फोर्क, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, जागेवर राहिला तर बेअरिंग. चाकाबरोबर अख्खा फोर्कच डुलत असेल तर फोर्कचे बुश गेलेत, ते काम वेगळं, मग चाक खोलून उपयोग नाही. माझ्या मते निम्मे लोक इथंच चुकतात आणि नको तो पार्ट बदलून बसतात.

खोलणं अवघड नाही. ब्रेकच्या रॉडचं नट काढा, ब्रेक प्लेटला धरणारी पट्टी सोडवा, चेन अ‍ॅडजस्टर किती खुणेवर आहेत त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मग एक्सलचं नट काढून एक्सल ओढा. बाहेरचा स्पेसर, म्हणजे एक्सलवरची आखूड नळी, कुठल्या बाजूचा आणि कसा होता तेही फोटोत येऊ द्या. बऱ्याच गाड्यांत चेन सॉकेटचा, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचा, ड्रम चेनसकट जागेवरच राहतो आणि चाक रबरातून सुटून बाजूला येतं. ती रबरं बघा, दबून चपटी झाली असतील तर आत्ताच बदला. ब्रेक लायनरची धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये काय असेल सांगता येत नाही, ओल्या फडक्याने पुसा.

आता बोट बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये घालून हळू फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं, गेलेलं खरखरतं, बाजरीत खडे लागल्यासारखं, आणि मधेच अडतं. हे एकदा बोटाला कळलं की आयुष्यभर विसरत नाही.

सील पेचकसने उचकटून काढा, ते परत वापरायचं नाही. काही गाड्यांत सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग असते, ती आधी काढा. दोन बेअरिंगच्या मधे एक लांब नळी असते, तिला कोणी डिस्टन्स पीस म्हणतं कोणी मधला स्पेसर. लांब रॉड आत घालून ती नळी थोडी बाजूला सरकवा म्हणजे पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगची कड दिसते, त्या कडेवर रॉड टेकवून एकदा इकडून एकदा तिकडून असं फिरत फिरत ठोका, एकाच जागी मारलं की बेअरिंग तिरकं होऊन हबमध्ये अडकतं. डोळ्याला चष्मा लावाच, बेअरिंगचं स्टील फार कडक असतं, हातोडीने त्याची कपची उडते. पहिलं निघालं की नळी हातात येते आणि दुसरं सोपं जातं.

ही नळी सांभाळून ठेवा, हरवू देऊ नका, आणि बसवायला विसरू नका. आमच्या गाडीचं एकदा बाहेरून काम करून घेतलं होतं, त्याने नळी परत घातलीच नाही. गाडी चालली, पण दोन-अडीच महिन्यात चाक पुन्हा बोलायला लागलं, मी खोललं तर नळीच नाही. एक्सलचं नट आवळलं की दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, मधे नळी असली तर ती तो दाब घेते, नसली तर दाब गोळ्यांवर आडवा येतो आणि गोळ्या रिंगेत चिरडतात. म्हणजे नट जितकं चांगलं आवळाल तितकं लवकर बेअरिंग जाईल.

नवीन आणताना जुनं खिशात घेऊन जा आणि त्यावरचा नंबर वाचा. समजा 6301 आहे, तर आतलं भोक 12 मिमी, बाहेरचा व्यास 37, जाडी 12. 6202 असेल तर 15, 35, 11. शेवटचे दोन आकडे भोकाचे, 00 म्हणजे 10, 01 म्हणजे 12, 02 म्हणजे 15, 03 म्हणजे 17, आणि 04 पासून पुढे पाचने गुणायचं. पुढे 2आरएस लिहिलेलं असेल तर दोन्ही बाजूला रबरी सील, आपल्या धुळीत आणि चिखलात तेच घ्या. तशा बेअरिंगमध्ये वरून ग्रीस भरायची गरज नाही, सील उचकटू नका. उघडं मिळालं तर मात्र ग्रीस भरावं लागेल, पण गच्च नाही, मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश, जास्त भरलं की गरम होतं. सॉकेटच्या ड्रममध्ये तिसरं बेअरिंग असेल तर तेही बघून घ्या.

बसवणं हेच खरं काम. हब अ‍ॅल्युमिनियमचा, बेअरिंग स्टीलचं, आणि अ‍ॅल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून बेअरिंग पिशवीत घट्ट बांधून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब उन्हात टाका. आपल्या खान्देशात मे महिन्यात दुपारी वेगळं तापवायचं काम नाही, हबला हात लावता येत नाही. हिवाळ्यात करत असाल तर बाहेरून उकळतं पाणी ओता आणि जागा कोरडी पुसा. 37 मिमीच्या भोकात 60 अंशाने 0.05 मिमीच्या आसपास फरक पडतो, ऐकायला काहीच नाही पण बेअरिंग अर्धं आपोआप सरकतं हे मी स्वतः पाहिलंय.

उरलेलं ठोकायचं, आणि ठोका फक्त बाहेरच्या रिंगेवर. आतल्या रिंगेवर मारलं की तो धक्का गोळ्यांमधून जातो, रिंगेत बारीक खळगे पडतात, बेअरिंग तिथंच खराब, दिसायला मात्र नवं. जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग ग्राइंडरवर थोडी घासून नव्यावर ठेवा आणि तिच्यावर फिरत फिरत ठोका. शेवटपर्यंत बसलं की आवाज बदलतो, बोदा येत होता तो एकदम ठणठणीत येतो, मग थांबा. एक बाजू पूर्ण बसवा, नळी घाला, मग दुसरी बाजू, नळीला टेकेपर्यंतच. नळी बोटाने जेमतेम सरकली पाहिजे, खडखडली नाही पाहिजे. मग नवं सील, ओठाला जरा ग्रीस लावून.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, गॅरेजवाला हब बदला म्हणतोय ते दर वेळी लुबाडायलाच म्हणत नाही. थंड हबमध्ये नवं बेअरिंग नुसतं अंगठ्याने दाबून बसत असेल तर हबमधलं बेअरिंगचं घर झिजलंय. तिथं पंचाने ठिपके मारणं किंवा पत्र्याची पट्टी घालणं मला पटत नाही, थोडे दिवस चालतं आणि पुन्हा ढिल्लं. मग चांगला लेथवाला बघून घर बोअर करून बुश बसवून घ्या नाहीतर खरंच हब बदला. चाकावर घरची माणसं बसतात.

चाक चढवल्यावर दोन्ही अ‍ॅडजस्टर सारख्याच खुणेवर ठेवा, चेन गाडीच्या पुस्तकात दिली आहे तितकी ढिली, एक्सलचं नट नीट आवळा, ब्रेक प्लेटच्या पट्टीच्या बोल्टला नवी स्प्लिट पिन. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताना प्लेट फिरते आणि चाक जाम होतं, म्हणून ती दोनदा बघा. मग 20-25 किलोमीटर चालवून या, शक्यतो ब्रेक कमी मारत, आणि हबच्या मधे एक्सलजवळ हात लावा. कोमट लागलं तर ठीक. चटका बसला तर परत खोला, नळी आखूड आहे किंवा एखादं बेअरिंग पूर्ण बसलेलं नाही.